डिस्क प्रतिमा रूपांतर

डिस्क प्रतिमा रूपांतर म्हणजे विशिष्ट कंपनीच्या आज्ञावलीने तयार केलेल्या, आणि त्या आज्ञावलीवाचून सहसा न उघडणाऱ्या, राखीव प्रतीचे (बॅकअपचे) सर्वमान्य प्रमाण स्वरूपातील प्रतिमा संचिकेत परिवर्तन करण्याची प्रक्रिया होय. अशा प्रमाण स्वरूपांपैकी सर्वांत प्रचलित स्वरूप 'आयएसओ' या नावाने ओळखले जाते. सीडी, डीव्हीडी अथवा संगणकाच्या हार्ड डिस्कवरील माहिती अनेक वर्षांनंतर, वेगळ्या संगणकावर आणि वेगळ्या कार्यप्रणालीत वाचता यावी हा या प्रक्रियेचा मुख्य हेतू असतो. ग्रंथालये, अभिलेखागारे, मुद्रणालये, शाळा-महाविद्यालये आणि घरगुती संग्रह यांच्या डिजिटल जतनात तिला महत्त्वाचे स्थान आहे.

रूपांतरामुळे माहितीभोवतीचे केवळ बाहेरचे वेष्टन बदलते. आतील संचिका कोणत्या स्वरूपात आहेत आणि त्यांतील मजकूर कोणत्या संकेतनात लिहिला आहे, हे प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतात. युनिकोडपूर्व काळातील मराठी मजकुराच्या बाबतीत ही मर्यादा विशेष जाणवते.

संज्ञा

राखीव प्रत: मूळ माहिती नष्ट झाल्यास परत मिळावी म्हणून वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत. ती निवडक संचिकांची असू शकते किंवा संपूर्ण डिस्कची.

प्रतिमा संचिका: एखाद्या तबकडीवरील अथवा डिस्कवरील सर्व माहिती मूळ क्रमाने एकाच संचिकेत उतरवून घेतली की तिला प्रतिमा संचिका म्हणतात. संचिकांबरोबरच त्यांची नावे, फोल्डरांची रचना आणि संगणक सुरू करण्यास लागणारा भागही तीत येतो.

स्वामित्वाधीन स्वरूप: ज्या स्वरूपाची अंतर्गत रचना एखाद्या कंपनीच्या ताब्यात असते आणि जाहीर केलेली नसते, ते स्वामित्वाधीन स्वरूप. अशी संचिका उघडण्याची हमी त्या कंपनीची आज्ञावली उपलब्ध असेपर्यंतच असते.

प्रमाण स्वरूप: ज्याची रचना प्रमाणक संस्थेने प्रसिद्ध केलेली असते आणि ज्यासाठी कोणालाही वाचक आज्ञावली लिहिता येते, असे स्वरूप.

रूपांतराची आवश्यकता

राखीव प्रत वाचता येण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी शाबूत असाव्या लागतात: माहिती धारण करणारे माध्यम, ते वाचणारे यंत्र आणि माहितीचा अर्थ लावणारी आज्ञावली. यांपैकी एक जरी नाहीशी झाली, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाही.

माध्यमाच्या बाबतीत, एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी आणि डीव्हीडींमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरावर नोंदली जाते. हा थर उष्णता, दमट हवा आणि ऊन यांमुळे कालांतराने बिघडतो. विदर्भात उन्हाळ्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेथे पत्र्याच्या छपराखालील खोलीत अथवा खिडकीजवळच्या कपाटात ठेवलेल्या तबकड्यांना हा धोका अधिक असतो. यंत्राच्या बाबतीत, नवीन लॅपटॉपमध्ये सीडी-डीव्हीडी वाचक बहुधा नसतो.

आज्ञावलीचा लोप मात्र डोळ्यांना दिसत नाही. विंडोज एक्सपी आणि त्यापूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये 'एनटीबॅकअप' नावाची सोय होती व ती '.बीकेएफ' प्रकारची संचिका तयार करीत असे. विंडोज व्हिस्टामध्ये ही सोय काढून टाकण्यात आली. जुन्या प्रती उघडता याव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टला पुनर्स्थापनेपुरती वेगळी आज्ञावली उपलब्ध करून द्यावी लागली. 'नॉर्टन घोस्ट' ही डिस्कची प्रत घेणारी लोकप्रिय आज्ञावली २०१३ साली विक्रीतून बंद झाली. एक्सपीला मिळणारे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. या काळात घेतलेल्या प्रती तबकडीवर सुस्थितीत असल्या तरी त्या उघडणे वर्षागणिक कठीण होत जाते.

प्रमाण स्वरूपांचा इतिहास

सीडीवर संगणकीय माहिती साठवण्यास सुरुवात झाली तेव्हा प्रत्येक उत्पादकाची संचिकाप्रणाली निराळी होती. एका यंत्रासाठी तयार केलेली तबकडी दुसऱ्या यंत्रात वाचता येत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी संगणक क्षेत्रातील कंपन्यांच्या प्रतिनिधींनी १९८५ पासून एकत्र येऊन 'हाय सिएरा' नावाचा मसुदा तयार केला. त्याच्या आधारे युरोपीय संगणक उत्पादक संघाने १९८६ मध्ये 'ईसीएमए-११९' हे प्रमाण स्वीकारले. आंतरराष्ट्रीय प्रमाणक संघटनेने १९८८ मध्ये तेच 'आयएसओ ९६६०' या क्रमांकाने प्रसिद्ध केले. प्रतिमा संचिकेच्या नावापुढे लागणारे 'आयएसओ' हे अक्षरसमूह याच प्रमाणावरून आले आहेत.

मूळ आयएसओ ९६६० मध्ये संचिकांच्या नावांवर कडक बंधने होती. पहिल्या पातळीवर आठ अक्षरांचे नाव व तीन अक्षरांचा प्रत्यय एवढीच मुभा होती, आणि त्यांतही केवळ रोमन मोठी अक्षरे, अंक व अधोरेषा चालत. पुढे दोन पुरवण्या रूढ झाल्या. युनिक्स परंपरेतील 'रॉक रिज' पुरवणीमुळे लांब नावे आणि संचिकांच्या परवानग्या जपता येऊ लागल्या. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये आणलेल्या 'जोलिएट' पुरवणीमुळे युनिकोडमधील नावे वापरणे शक्य झाले. डीव्हीडीसाठी 'यूडीएफ' ही संचिकाप्रणाली स्वीकारण्यात आली. यूडीएफ असलेल्या तबकडीची प्रतिमाही व्यवहारात '.आयएसओ' याच प्रत्ययाने ठेवली जाते.

विंडोज ८ (२०१२) पासून आयएसओ संचिका वेगळ्या आज्ञावलीशिवाय उघडता येते. लिनक्स व मॅक या प्रणालींतही ही सोय आहे.

तबकडीवरील रचना

सीडीवरील माहिती 'सेक्टर' नावाच्या समान तुकड्यांत विभागलेली असते. प्रत्येक सेक्टर २,३५२ बाइटांचा असतो. माहितीच्या सीडीत (पहिल्या प्रकारच्या सेक्टरात) त्याची वाटणी अशी असते:

• समकालन खूण: १२ बाइट
• सेक्टरचा पत्ता व प्रकार: ४ बाइट
• वापरकर्त्याची प्रत्यक्ष माहिती: २,०४८ बाइट
• चूक ओळखण्याचा संकेत: ४ बाइट
• राखीव जागा: ८ बाइट
• चूक दुरुस्त करण्याचा संकेत: २७६ बाइट

आयएसओ प्रतिमेत यांपैकी केवळ २,०४८ बाइटांचा माहितीचा भाग घेतला जातो. उरलेले ३०४ बाइट तबकडी वाचणाऱ्या यंत्राच्या सोयीसाठी असतात. त्यामुळे पूर्ण सेक्टरांची प्रतिमा आयएसओत रूपांतरित केली की तिचा आकार लहान होतो. उदाहरणार्थ, ७४ मिनिटांच्या सीडीत ३,३३,००० सेक्टर असतात. तिची पूर्ण सेक्टरांची प्रतिमा ७८,३२,१६,००० बाइटांची होते, तर आयएसओ प्रतिमा ६८,१९,८४,००० बाइटांची. १०,१२,३२,००० बाइटांच्या या फरकात वापरकर्त्याची कोणतीही माहिती गेलेली नसते.

आयएसओ ९६६० प्रमाणानुसार पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, प्रणालीसाठी मोकळे ठेवलेले असतात. त्यानंतरच्या सेक्टरात तबकडीचे वर्णन सुरू होते आणि त्याच्या आरंभी 'सीडी००१' ही पाच चिन्हांची खूण रोमन अक्षरांत असते. शून्यापासून मोजल्यास ही खूण ३२,७६९ व्या स्थानी येते. अनोळखी प्रतिमेचे स्वरूप ओळखण्यासाठी ही खूण कोणत्या स्थानी आहे हे पाहणे ही सर्वांत खात्रीची पद्धत समजली जाते. पूर्ण सेक्टरांच्या प्रतिमेत, सेक्टर पहिल्या प्रकारचे असल्यास, तीच खूण ३७,६४९ व्या स्थानी सापडते.

प्रचलित स्वामित्वाधीन स्वरूपे

एनआरजी: जर्मनीतील नीरो कंपनीच्या 'नीरो बर्निंग रॉम' या आज्ञावलीचे स्वरूप. यात माहिती आधी आणि तिचे वर्णन संचिकेच्या शेवटी असते. जुन्या आवृत्तीत शेवटच्या ८ बाइटांत, तर नीरो ५.५ पासूनच्या आवृत्तीत शेवटच्या १२ बाइटांत या वर्णनाचा पत्ता दिलेला असतो.

एमडीएफ व एमडीएस: 'अल्कोहोल १२०%' या आज्ञावलीची जोडसंचिका. पहिलीत माहिती व दुसरीत तिचे वर्णन असते. माहितीच्या संचिकेत पूर्ण सेक्टर आणि काही वेळा प्रत्येक सेक्टरामागे ९६ बाइटांची उपवाहिनीची माहितीही असते. तेव्हा प्रत्येक तुकडा २,४४८ बाइटांचा होतो.

सीसीडी, आयएमजी व एसयूबी: 'क्लोनसीडी' या आज्ञावलीचा तीन संचिकांचा संच.

बिन व क्यू: 'सीडीआरविन' या आज्ञावलीमुळे रूढ झालेली जोडी. क्यू ही साधी मजकूर संचिका असून तिची रचना सर्वज्ञात आहे. त्यामुळे हे स्वरूप व्यवहारात खुलेच मानले जाते.

डीएए व यूआयएफ: अनुक्रमे 'पॉवरआयएसओ' आणि 'मॅजिकआयएसओ' यांची स्वरूपे. यांत माहिती दाबून बसवलेली असते आणि तिला परवलीचा शब्दही लावता येतो. त्यामुळे केवळ काही बाइट वगळून आयएसओ मिळत नाही. संचिका आधी उलगडावी लागते.

डीएमजी: ॲपलच्या मॅक प्रणालीतील प्रतिमा. ती मॅकवर प्रणालीच्याच साधनाने बदलता येते.

जीएचओ, टीआयबी व बीकेएफ: अनुक्रमे घोस्ट, ॲक्रॉनिस ट्रू इमेज आणि एनटीबॅकअप यांच्या राखीव प्रती. या तबकडीच्या प्रतिमा नसून हार्ड डिस्कच्या अथवा निवडक संचिकांच्या प्रती असतात. त्यामुळे त्यांचे थेट रूपांतर होत नाही.

रूपांतराच्या पद्धती

वेष्टन काढणे

प्रतिमेत मूळ माहिती जशीच्या तशी असून केवळ पुढे-मागे जोडणी केलेली असेल, तर ती जोडणी वगळून आयएसओ मिळवता येते. एनआरजी संचिकेत अनेकदा आरंभी १५० सेक्टरांची, म्हणजे ३,०७,२०० बाइटांची मोकळी जागा असते. ही सीडीवरील दोन सेकंदांच्या आरंभीच्या अंतराची नोंद होय. 'एनआरजीटूआयएसओ' ही मुक्त आज्ञावली हा भाग वगळून पुढची माहिती उतरवून घेते. अशा संचिकेत 'सीडी००१' ही खूण ३,३९,९६९ व्या स्थानी असते. ती तेथे नसल्यास ही पद्धत लागू पडत नाही.

सेक्टर सोलणे

पूर्ण सेक्टरांच्या प्रतिमेतून प्रत्येक सेक्टरातील २,०४८ बाइट वेचून ते क्रमाने जोडले जातात. बिन-क्यू जोडीसाठी 'बीचंक' ही मुक्त आज्ञावली वापरतात. तयार झालेल्या आयएसओचा आकार २,०४८ ने निःशेष भागला जाणे ही प्राथमिक कसोटी होय.

उलगडणे

दाबलेल्या अथवा कूटबद्ध स्वरूपांसाठी मूळ आज्ञावली किंवा तिच्या स्वरूपाचा उलटा शोध घेऊन लिहिलेले साधन लागते. इटलीतील संगणक सुरक्षा संशोधक लुइजी ऑरिएम्मा यांनी लिहिलेल्या 'यूआयएफटूआयएसओ' आणि 'डीएएटूआयएसओ' या आज्ञावल्या या प्रकारच्या आहेत. परवलीचा शब्द ठाऊक नसल्यास मात्र माहिती परत मिळण्याची आशा थोडी असते.

पुनर्स्थापना आणि नवी बांधणी

जीएचओ, टीआयबी वा बीकेएफ यांसारख्या राखीव प्रतींसाठी दोन टप्प्यांचा मार्ग अवलंबावा लागतो. आधी मूळ आज्ञावलीने सर्व संचिका एका रिकाम्या जागी परत आणल्या जातात. मग त्यांतून 'जेनआयएसओइमेज' अथवा 'झोरिसो' यांसारख्या साधनाने नवी आयएसओ बांधली जाते. मूळ आज्ञावली नव्या संगणकावर चालत नसेल, तर जुनी कार्यप्रणाली आभासी यंत्रात बसवून तीत ती चालवतात. ही प्रतिमा मूळ डिस्कची हुबेहूब प्रत नसते. ती मूळ संचिकांची नवी मांडणी असते, आणि हा भेद नोंदीत स्पष्ट करणे आवश्यक असते.

कार्यपद्धती

संग्रहसंस्थांमध्ये रूपांतराचे काम सामान्यतः पुढील क्रमाने केले जाते:

१. तबकडीवरील मूळ संचिका हार्ड डिस्कवर उतरवून घेणे. तबकडीवर ओरखडे असल्यास 'डीडीरेस्क्यू' यांसारखे साधन वापरतात. ते आधी सहज वाचता येणारा भाग घेते आणि नंतर खराब भागाकडे पुनःपुन्हा वळते.

२. मूळ संचिकेचा हॅश काढून नोंदवणे. हॅश म्हणजे संचिकेतील सर्व बाइटांवरून गणिताने काढलेला ठसा होय. एक बाइट बदलला तरी हा ठसा बदलतो. यासाठी 'एसएचए-२५६' ही रीत प्रचलित आहे.

३. मूळ संचिकेच्या प्रतीवरच रूपांतर करणे. मूळ संचिका केवळ वाचनापुरती खुली ठेवली जाते.

४. तयार झालेली आयएसओ उघडून संचिकांची संख्या, त्यांचे आकार आणि निवडक संचिकांतील मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहणे. प्रतिमा उघडली एवढ्यावरून आतील प्रत्येक संचिका धड आहे असे ठरत नाही.

५. नव्या प्रतिमेचाही हॅश काढून, वापरलेली आज्ञावली, तिची आवृत्ती व दिनांक यांसह साध्या मजकूर संचिकेत नोंद ठेवणे.

६. प्रतिमा किमान दोन वेगळ्या माध्यमांवर आणि शक्य तर दोन वेगळ्या इमारतींत ठेवणे.

रूपांतर यशस्वी झाल्यावरही मूळ संचिका टाकून देऊ नये असा जतनशास्त्राचा संकेत आहे. पुढे अधिक चांगले साधन उपलब्ध झाल्यास मूळ प्रतीवरून पुन्हा काम करता येते.

मर्यादा

रूपांतरात काही प्रकारची माहिती गळून पडते. आयएसओत ध्वनीचे मार्ग ठेवता येत नाहीत. त्यामुळे गाणी आणि संगणकीय माहिती एकत्र असलेल्या मिश्र तबकडीसाठी बिन-क्यू ही जोडीच जपावी लागते. अनेक वेळा थोडी थोडी भर घालून लिहिलेल्या तबकडीत आधीच्या सत्रांतील, नंतर वगळलेल्या संचिका असू शकतात. केवळ शेवटचे सत्र वाचणाऱ्या साधनाला त्या दिसत नाहीत. नवी बांधणी करताना संचिकांच्या निर्मितीचे दिनांक आणि परवानग्या बदलण्याचा संभव असतो. अभिलेखाच्या दृष्टीने दिनांक हा पुरावा असल्याने तो आधीच वेगळ्या यादीत उतरवून घेतला जातो.

आकाराच्याही मर्यादा आहेत. आयएसओ ९६६० च्या पहिल्या दोन पातळ्यांत एका संचिकेचा आकार ४ जीबीच्या आत असावा लागतो. 'फॅट३२' प्रणालीच्या पेनड्राइव्हवरही ४ जीबीची संचिका मावत नाही. त्यामुळे ४.७ जीबीच्या भरलेल्या डीव्हीडीची प्रतिमा अशा पेनड्राइव्हवर उतरत नाही.

मराठी मजकुराचे विशेष प्रश्न

संचिकांची नावे

जोलिएट पुरवणीत संचिकेच्या नावाला ६४ चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. 'ग्रामपंचायत' हा शब्द वाचताना सहा अक्षरांचा असला तरी संगणकाच्या लेखी तो ११ चिन्हांचा होतो. रॉक रिज पुरवणीत युनिकोडच्या यूटीएफ-८ रीतीने नाव लिहिल्यास प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे याच शब्दाला ३३ बाइट लागतात, आणि २५५ बाइटांच्या मर्यादेत जास्तीत जास्त ८५ चिन्हे मावतात. कोणतीही पुरवणी न वापरता प्रतिमा बांधल्यास देवनागरी नावे अधोरेषांच्या निरर्थक रांगेत बदलू शकतात. अनेक संचिकांची नावे अशा रीतीने सारखी झाली की त्या ओळखू येत नाहीत. म्हणून मराठी नावांच्या संग्रहासाठी दोन्ही पुरवण्या सुरू ठेवणे आणि मूळ नावांची यादी सोबत देणे इष्ट ठरते.

मजकुराचे संकेतन

युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे भारतीय लिपींचे संकेतन आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. तथापि मुद्रणाच्या व्यवहारात पुढील अनेक वर्षे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी', तसेच 'आकृती', 'कृतिदेव' आणि सी-डॅकचे 'डीव्हीटीटी सुरेख' यांसारखे टंक वापरात राहिले. या टंकांत प्रत्येक आकाराला, म्हणजे अर्धे अक्षर, काना, वेलांटी इत्यादींना, टंककर्त्याने आपापल्या योजनेनुसार क्रमांक दिलेले होते. तो टंक संगणकात नसला की मजकूर रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या अर्थहीन मिश्रणासारखा दिसतो.

त्यामुळे १९९० नंतरच्या दीड-दोन दशकांतील मराठी राखीव प्रत उघडताना क्रमाने चार थर भेदावे लागतात: प्रतिमेचे वेष्टन, संचिकाप्रणाली, संचिकेचे स्वरूप (उदाहरणार्थ, पेजमेकरची मांडणी) आणि टंकाचे संकेतन. आयएसओ रूपांतराने पहिला थर दूर होतो व दुसरा प्रमाणित होतो. उरलेल्या दोहोंसाठी मूळ टंकसंचिका आणि टंकातून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक हाताशी असावे लागतात. परवान्याच्या अटी मान्य करीत असतील तर मूळ टंकही त्याच प्रतिमेत ठेवणे उपयुक्त असते.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजेच सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. भारतीय लिपींच्या संगणकीकरणात तिचा मोठा वाटा आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय डिजिटल जतन कार्यक्रमांतर्गत पुण्यातच डिजिटल जतनाचे उत्कृष्टता केंद्र उभारण्यात आले. या कामातून शासकीय डिजिटल अभिलेखांसोबत कोणती वर्णनात्मक माहिती जपावी याविषयीचे ई-प्रशासन मानक तयार झाले व ते २०१३ मध्ये अधिसूचित झाले. केंद्राने विकसित केलेली 'डिजिटालय' ही आज्ञावली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या दृक्-श्राव्य अभिलेखागारासाठी वापरण्यात आली.

डिजिटल अभिलेखागारांच्या रचनेचा आंतरराष्ट्रीय आराखडा आयएसओ १४७२१ या प्रमाणात दिलेला आहे. माहितीबरोबर तिचा अर्थ लावण्याचे ज्ञानही जपले पाहिजे, हे त्याचे एक प्रमुख तत्त्व आहे. केवळ बाइट टिकले आणि ते वाचण्याची रीत हरवली, तर या प्रमाणाच्या दृष्टीने जतन झाले असे म्हणता येत नाही.

यवतमाळ आणि सांकेतिक लिपींचा वारसा

वाचण्याची रीत मोजक्या लोकांच्या हाती राहिल्याने मजकूर दुर्बोध होणे ही घटना मराठीला नवी नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. त्यांत नेहमीच्या अक्षरांच्या जागी ठरावीक संकेताने दुसरी अक्षरे अथवा चिन्हे योजलेली असत, आणि त्यांची किल्ली पंथातील मंडळींनाच ठाऊक असे. परिणामी आद्य मराठी गद्याचा मोठा ठेवा कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकांना अपरिचित राहिला. पोथ्या सुरक्षित होत्या, परंतु बाहेरच्यांना त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या प्रयत्नांतून या लिपींची उकल लोकांपुढे आली. त्यानंतर हे ग्रंथ बाळबोध लिपीत उतरून छापले जाऊ लागले.

या संशोधनात यवतमाळचा वाटा महत्त्वाचा आहे. यवतमाळचे संशोधक य. खु. देशपांडे यांनी महानुभाव पोथ्यांचा शोध घेऊन 'महानुभावीय मराठी वाङ्मय' (१९२५) हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी उभारलेल्या शारदाश्रम या संस्थेने जुन्या हस्तलिखितांचा संग्रह व अभ्यास केला.

दोन्ही प्रसंगांत फरकही आहे. सांकेतिक लिपीतील पोथीचा कागद शतकानुशतके टिकला आणि किल्ली जाणणारी परंपरा पंथात अखंड राहिली. त्यामुळे उकल होण्यास अवधी मिळाला. तबकडीवरील राखीव प्रतीला हा अवधी मिळत नाही. तिचे माध्यम काही दशकांत बिघडू शकते आणि तिची किल्ली, म्हणजे मूळ आज्ञावली, त्याहूनही लवकर दुर्मिळ होते. संगणकीय मांडणी आणि सीडीवरील साठवण यांचा प्रसार झाल्यानंतरचे स्थानिक नियतकालिकांचे अंक, स्मरणिका, शाळांच्या नोंदी, छायाचित्रे व समारंभांची चित्रणे यांच्या बाबतीत हा प्रश्न यवतमाळसह राज्यातील सर्वच जिल्ह्यांत संभवतो. छापील प्रत उपलब्ध असलेला मजकूर पुन्हा टंकित करता येतो. ज्याची छापील प्रतच निघाली नाही, त्यासाठी तबकडी हाच एकमेव आधार असतो.

कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(कक) नुसार आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या जवळ असलेल्या व्यक्तीला, ती नष्ट वा खराब होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत काढता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५क नुसार प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणे हा गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. स्वतः तयार केलेल्या मजकुराच्या, छायाचित्रांच्या व नोंदींच्या प्रतींचे रूपांतर करण्यास प्रताधिकाराची अडचण येत नाही. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या किंवा आज्ञावल्यांच्या तबकड्यांची प्रतिमा काढून ती इतरांना वाटणे मात्र प्रताधिकाराचा भंग ठरतो. शाळा, रुग्णालये, पतसंस्था यांच्या राखीव प्रतींत व्यक्तींची खासगी माहिती असते. अशा प्रतिमा कूटबद्ध करून ठेवल्यास परवलीचा शब्द वेगळ्या, सुरक्षित ठिकाणी लिहून ठेवणे आवश्यक असते, अन्यथा रूपांतरित प्रतही मूळ प्रतीइतकीच बंदिस्त होते.